डॉ. रखमाबाई : एक हट्टी विद्यार्थिनी

मुलीला न्हाण आले की तिची पाटी-पुस्तके माळ्यावर गेलीच, असा शिरस्ता एके काळी आपल्याकडे घरोघरी होता. ज्या मुलीने त्याला दाद दिली नाही आणि जी पुढे डॉक्टर झाली, त्या रखमाबाईंची ओळख आपल्या महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींना व्हावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला. सावत्र बाप म्हटले की आपल्या मनात काही वेगळेच चित्र उभे राहते. पण हा बाप वेगळा होता! ते नामांकित डॉक्टर होते, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते.

तरीही रूढी या घरालाही चुकली नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी झाले आणि त्यांची शाळा सुटली. काही महिन्यांतच ऋतुप्राप्ती झाली. आता गर्भाधानाचा विधी उरकून मुलगी नवऱ्याच्या हवाली करायची, ही रीत. येथे मात्र सखाराम अर्जुन आडवे आले. एवढ्या कोवळ्या वयात शरीरसंबंध नको, असे या डॉक्टर बापाने ठरवले. रखमाबाई माहेरीच राहिल्या. शाळा नाही तर नाही, फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातील पुस्तके आणून त्या घरीच शिकत राहिल्या.

१८८४ मध्ये दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. दावा चालू असतानाच १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने आलेल्या पत्रांतून रखमाबाईंनी बालविवाहाने मुलींचे शिक्षण कसे तुटते, हे जगापुढे मांडले. त्याच वर्षी न्या. पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण अपील झाले आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली! केसरीसारख्या पत्राने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. अखेर १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. या खटल्याने पेटलेल्या वादातूनच पुढे १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा वर्षे झाले.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात त्या शिकल्या आणि ब्रुसेल्सची एम.डी. पदवी घेऊन मायदेशी परतल्या. प्रथम सुरतेस, मग राजकोटला, स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी वर्षानुवर्षे सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

हे चरित्र वाचताना मला राहून राहून माझ्या वर्गातल्या मुली आठवतात. आमच्या खेड्यातील शाळेत सातवीला आम्ही अकरा जणी होतो, दहावीला चौघी उरलो. कोणाला कोर्टाने अडवले नव्हते. शाळेच्या संडासाला कडी नव्हती, नळाला पाणी नव्हते आणि जुन्या लुगड्याच्या घडीवर सहा तास बाकावर बसण्याचा धीर होत नव्हता. महिन्याचे तीन-चार दिवस घरी. त्यात गणित बुडायचे, मग चाचणी, मग वर्ष. आणि वर्ष बुडाले की घरात स्थळांची बोलणी सुरू! जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देणारी 'अस्मिता' योजना राज्यात २०१८ साली सुरू झाली. पण पॅड दप्तरात असले तरी ते बदलायला आडोसा लागतो, टाकायला जागा लागते आणि मागायला जीभ रेटावी लागते.

रखमाबाईंची बुद्धी आणि हिंमत थोर होतीच. परंतु नेमक्या त्या नाजूक वेळी घरात एक जाणते माणूस ठामपणे उभे राहिले, म्हणून त्या बुद्धीला वाव मिळाला, असे मला वाटते. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या बी.एड. करून शाळांवर जाणार आहोत. तेथे तिजोरी आपल्या हाती नसेल, पण संडासाची कडी, पाण्याची बादली आणि कपाटात चार पॅड एवढे तर आपल्या हातात असेल! आणि वर्गातली एखादी मुलगी सलग तीन दिवस दिसली नाही, तर तिची चौकशी न लाजता करणे, हेही.