१८ वर्षं कोकणात मास्तरकी केली आणि पुढे मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून दिलं

वि. स. खांडेकर म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा 'ययाती' आठवते. पण हे खांडेकर एकेकाळी कोकणातल्या एका गावात शाळामास्तर होते, आणि तेही थोडेथोडके नाही तर तब्बल १८ वर्षं.

खांडेकर मूळचे सांगलीचे. जन्म १८९८ चा. मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. पण मध्येच नात्यातल्या काकांना दत्तक जावं लागलं आणि पदवी राहून गेली ती राहिलीच.

१९२० मध्ये ते शिरोड्याच्या शाळेत रुजू झाले. वेंगुर्ल्याजवळचं, मिठागरांचं हे गाव. पुढे ते तिथे मुख्याध्यापकही झाले. म्हणजे शिकवायचंही आणि शाळाही चालवायची.

मग लिहायचं कधी?

शाळेतून उरलेल्या वेळात. त्या वेळात बसेल तेच आधी लिहून झालं. कथा, टीकालेख, सावंतवाडीच्या 'वैनतेय' साप्ताहिकातलं लेखन. कादंबरीला मात्र सलग बैठक लागते. त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' आली १९३० मध्ये. शाळेत लागून तेव्हा १० वर्षं झाली होती.

पण एकदा गाडी रुळावर आली आणि नोकरी सांभाळूनच पुढच्या कादंबऱ्या झाल्या. 'कांचनमृग' १९३१ मध्ये आली, तर 'दोन ध्रुव' आणि 'उल्का' या दोन्ही १९३४ मध्ये. १९३६ मध्ये मास्टर विनायकांचा 'छाया' हा सिनेमा आला, त्याची कथाही खांडेकरांचीच.

आता दोन्ही डगरींवर पाय ठेवणं कठीण होतं. अखेर १९३८ मध्ये खांडेकरांनी शाळा सोडली आणि ते कोल्हापूरला आले. यापुढे लेखन हाच त्यांचा पेशा झाला.

'ययाती' यायला मात्र १९५९ उजाडलं. तिला आधी साहित्य अकादमी मिळालं आणि १९७४ चं ज्ञानपीठही. हा सन्मान मिळवणारे ते पहिले मराठी लेखक. तोपर्यंत त्यांची दृष्टी गेली होती, लेखन दुसऱ्याला सांगून करावं लागायचं. १९७६ मध्ये ते गेले.

म्हणजे शाळेने त्यांच्या कादंबरीची १० वर्षं घेतली, हे खरंच. पण खांडेकरांच्या कादंबऱ्यांत ध्येयासाठी झिजणारी, पैशाने गरीब माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. अशा माणसांच्या जगात खांडेकर स्वतः १८ वर्षं राहिले होते.