कुस्तीतील पहिला मान कोणाचा?

कुस्तीचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाद हमखास रंगतो. सर्वांत थोर मल्ल कोण? जुन्या पिढीतील कोणी गामाचे नाव घेतो. १९१० साली लंडनला जाऊन झिबिस्कोसारख्या नामांकित मल्लाशी झुंजलेल्या त्या पहिलवानाची कीर्ती आज शतकानंतरही ओसरलेली नाही. कोणी पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे यांचा पक्ष घेतो, तर कोणी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धांतून सुवर्णपदके घेऊन आलेल्या गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांचा. ही सारी नावे आदरणीयच आहेत. परंतु निवृत्त मल्लांपैकी एकाच नावाला सर्वोच्च मान द्यावयाचा झाला, तर तो खाशाबा दादासाहेब जाधव यांना द्यावा लागेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हे मत केवळ प्रांताभिमानापोटी बनलेले नाही. मोठेपणा मोजण्याची कसोटी आधी ठरविली पाहिजे. निव्वळ ताकद हीच कसोटी मानली तर गामापुढे कोणी टिकणार नाही, आणि जिंकलेल्या कुस्त्यांची संख्या मोजू लागलो तर व्यावसायिक मल्लांची यादी बरीच लांब होईल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो. हाती असलेल्या साधनांच्या मानाने कोणी किती साध्य केले, आणि त्या साध्याची किंमत कोणी मोजली? या प्रश्नाच्या उजेडात खाशाबांचे चरित्र पाहिले म्हणजे त्यांची योग्यता तर ध्यानी येतेच, शिवाय आपल्या सार्वजनिक जीवनातील एक जुने वैगुण्यही उघडे पडते.

लाल मातीतून लंडनला

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या लहानशा गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. पाच भावंडांत खाशाबा धाकटे. घरातच तालमीचे वातावरण असल्याने जोर-बैठका आणि लाल माती यांची ओळख अक्षरओळखीच्या आधीच झाली म्हणावयास हरकत नाही. त्यांचे माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. तो काळ १९४२ च्या आंदोलनाचा. सातारा जिल्हा त्या चळवळीत अग्रभागी होता आणि भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोहोचविणे अशी कामे या शाळकरी मल्लानेही केली.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर ही मल्लविद्येची राजधानी. शाहू छत्रपतींनी मल्लांना दिलेला आश्रय, गावोगावच्या तालमी आणि १९१२ साली खुले झालेले खासबागेचे मैदान यांमुळे या शहरात कुस्ती हा केवळ खेळ न राहता लोकजीवनाचा भाग बनली होती. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबांची तयारी झाली. अंगकाठी लहान, परंतु चपळाई विलक्षण. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला ढाक मारण्यात त्यांचा हातखंडा होता.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली आणि कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला. तेथे एक नवीच अडचण उभी राहिली. मातीच्या हौद्यात वाढलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम अपरिचित होते. मातीवर पाय रुततो, गादीवर तो सरकतो. आपल्याकडे चितपट झाल्याखेरीज निकाल नाही, तेथे गुणांवरही हारजीत ठरते. अशा स्थितीत फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलो वजनात, त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. रीस गार्डनर या प्रशिक्षकाचे थोड्या दिवसांचे मार्गदर्शन एवढीच काय ती शिदोरी. बावीस वर्षांच्या तरुणाने या सहाव्या क्रमांकावर समाधान मानले असते तर कोणी दोष दिला नसता. खाशाबांनी मात्र परतल्यावर अधिक वजनाच्या गटाची आणि गादीवरील कुस्तीची तयारी आरंभली.

गहाण पडलेले घर

यानंतरचा भाग या चरित्रात सर्वांत बोलका आहे. १९४८ साली खाशाबांच्या पाठीशी संस्थान होते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रयाची जुनी व्यवस्था संपली. ती संपणे लोकशाहीच्या दृष्टीने योग्यच होते. परंतु तिच्या जागी क्रीडापटूंना हात देणारी नवी व्यवस्था अद्याप उभी राहिली नव्हती. एक आश्रय गेला आणि दुसरा आला नाही, अशा या पोकळीत १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक आले.

आधी निवडीचाच प्रश्न होता. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्यावर गुणदानात अन्याय झाला, अशी खाशाबांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. निरंजन दास यांच्याशी पुन्हा कुस्ती ठरली आणि खाशाबांनी ती निर्विवाद जिंकली. निवड झाली, पण फिनलंडला जाण्याचा खर्च कोठून आणावयाचा? सरकारदरबारी केलेल्या विनंत्यांना पुरेसे यश आले नाही. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली, काही व्यापाऱ्यांनी वस्तुरूपाने मदत केली. तरीही मोठी तूट राहिली. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

सात हजार रुपये ही रक्कम आज किरकोळ वाटेल. त्या काळच्या शाळामास्तराला कित्येक वर्षे नोकरी करूनही ती साठविता आली नसती. आपल्या माजी विद्यार्थ्याच्या मनगटावर विश्वास टाकून एका शिक्षकाने आपल्या डोक्यावरचे छप्पर पणाला लावले. देशाच्या कीर्तीसाठी करावयाच्या खर्चाचा धोका देशाने न पत्करता एका प्राध्यापकाने आणि एका खेड्याने पत्करला. लाभ सर्वांचा आणि धोका एकाचा, असा हा व्यवहार होता.

हेलसिंकीचे कांस्य

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात, ५७ किलो वजनात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी येथील मल्लांना त्यांनी पराभूत केले. शेवटच्या टप्प्यात त्यांची गाठ जपानच्या शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी पडली. इशीबरोबरची कुस्ती दमछाक करणारी झाली आणि ती खाशाबांच्या हातून थोडक्यात निसटली. दोन कुस्त्यांमध्ये मल्लाला विश्रांती मिळावी असा संकेत असताना त्यांना लगोलग सोव्हिएत मल्लासमोर उभे करण्यात आले आणि हरकत घेण्यासाठी त्या वेळी एकही भारतीय अधिकारी आखाड्यापाशी हजर नव्हता, असे सांगितले जाते. इशी सुवर्णपदकाचे मानकरी ठरले, मामेदबेकोव्ह यांना रौप्य मिळाले आणि २३ जुलै १९५२ रोजी खाशाबा जाधव यांच्या गळ्यात कांस्यपदक पडले.

स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले, ही गोष्ट तर आपण जवळजवळ विसरूनच गेलो आहोत. हॉकी संघाचे सुवर्ण सोडले तर त्या वर्षी भारताच्या पदरात पडलेले पदक खाशाबांचे एवढेच. पुढचे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडावे लागले. अटलांटा येथे लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य मिळविले तेव्हा मधे ४४ वर्षे लोटली होती.

खाशाबा परतले तेव्हा कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची वाट त्या दिवशी सरता सरेना. या जयजयकारात आणखी कोणी हरवून गेला असता. खाशाबांनी मात्र कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः मैदानात उतरले आणि मिळालेल्या पैशांतून आपल्या प्राचार्यांचे घर सोडवून दिले. गळ्यात ऑलिंपिक पदक असलेला मल्ल आपल्या गुरूचे कर्ज फेडण्यासाठी झुंजतो, असा प्रसंग जगाच्या क्रीडा इतिहासात क्वचितच सापडेल. मला या चरित्रातील सर्वांत मोठी कुस्ती हीच वाटते.

सत्तावीस वर्षांची नोकरी

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची उमेद होती; पण गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने ती संपविली. खात्यातील स्पर्धा त्यांनी गाजविल्या, तरुण पोलिसांना शिकविले आणि सुमारे सत्तावीस वर्षांची नोकरी करून ते साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी मशाल नेणाऱ्यांत त्यांचा समावेश झाला, एवढीच काय ती आठवण राष्ट्राने ठेवली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी एका रस्ता अपघातात त्यांचा अंत झाला.

येथे सन्मानांचा हिशेब मांडणे आवश्यक आहे. पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. खाशाबा त्यानंतर तीस वर्षे हयात होते. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. त्यानंतर ते तेवीस वर्षे हयात होते. या साऱ्या काळात दोहोंपैकी एकही त्यांच्या वाट्याला आला नाही. खेळाडूंना असे मान देण्याची तेव्हा पद्धतच नव्हती, असेही म्हणता येणार नाही. हेलसिंकीतील हॉकी संघाचे बलबीर सिंग यांना १९५७ मध्ये आणि त्या संघाचे कर्णधार के. डी. सिंग बाबू यांना १९५८ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच होती. पुढच्या काळात लिएंडर पेस यांना २००१ मध्ये पद्मश्री, राज्यवर्धन राठोड यांना २००५ मध्ये पद्मश्री, अभिनव बिंद्रा यांना २००९ मध्ये पद्मभूषण असे मान मिळत गेले. महाराष्ट्र शासनाचा छत्रपती पुरस्कार खाशाबांना १९९२-९३ मध्ये मिळाला आणि अर्जुन पुरस्कार २००० सालचा, दोन्ही मरणोत्तर. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने त्यांचे नाव देण्यात आले.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कांस्य म्हणजे तिसरा क्रमांक. अजिंक्य राहिलेल्या गामाला डावलून तिसऱ्या आलेल्या मल्लाला अग्रमान कसा द्यावा? गामाची थोरवी निर्विवाद आहे. पण त्याच्या यशाची मांडणी संस्थानिकांचा आश्रय, धनिकांचा पैसा आणि मोठ्या रकमांच्या पैजा या व्यावसायिक चौकटीत झाली. खाशाबांच्या पाठीशी यांपैकी काही नव्हते. शिवाय त्यांचा पराक्रम ठरलेल्या वजनात, ठरलेल्या नियमांत आणि परक्या गादीवर मोजला गेलेला आहे. त्यात दंतकथेला वाव नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. गेलेल्या माणसाला मान देऊन त्याचा काय लाभ? पद्म पुरस्कार सामान्यतः मरणोत्तर दिला जात नाही, हा नियमही पुढे केला जातो. परंतु अपवादात्मक योग्यतेच्या व्यक्तीबाबत त्या नियमातच मोकळीक आहे, आणि यापेक्षा अपवादात्मक उदाहरण शोधून सापडणे कठीण आहे. मान हा मृताला दिलेला मोबदला नसतो. समाज कशाला मोल देतो हे पुढच्या पिढीला त्यातून कळत असते. तीस वर्षे ज्याची दखल घेतली नाही, त्याची घेतली असती तर कराड-कोल्हापूरच्या तालमींतून आणखी किती मुले गादीकडे वळली असती, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्य मिळविले. महाराष्ट्राच्या मातीतील खेळाडूला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली, हा योगायोग नव्हे.

आज विजेत्यांवर बक्षिसांचा वर्षाव होतो ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु बक्षीस पदकानंतर येते आणि गरज पदकाआधी असते. तालुक्याच्या गावी सराव करणाऱ्या, अद्याप काहीही न जिंकलेल्या मुलाच्या खुराकाचा, प्रवासाचा आणि प्रशिक्षकाचा खर्च कोण करतो, हा प्रश्न १९५२ इतकाच आजही विचारण्याजोगा आहे. त्या वेळी त्याचे उत्तर एका प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून दिले. खाशाबा जाधव यांना कुस्तीतील पहिला मान द्यावयाचा तो त्यांच्या पदकासाठी तर खराच, पण त्याबरोबरच पुढच्या खाशाबासाठी कोणा शिक्षकाला कर्ज काढावे लागणार नाही, याची हमी शासनाने आणि क्रीडा संघटनांनी दिली पाहिजे. तेवढे झाले नाही तर क्रीडागृहाला दिलेले नाव दारावरच्या पाटीपुरतेच उरेल.