लुडविग मीलिउस-एरिक्सेन व त्यांचा विश्वासू सोबती

हिंदुस्थानांत पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी इ. स. १७०६ मध्यें त्रंकेबार येथें उतरले, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. ज्या डॅनिश राजानें, म्हणजे चवथ्या फ्रेडरिकनें, त्यांस पाठविलें, त्याच्याच कारकीर्दींत इ. स. १७२१ मध्यें हान्स एगेडे नांवाचे पाळक ग्रीनलंड बेटावर गेले. त्या बर्फाच्या देशांत हळूहळू मंडळ्या उभ्या राहिल्या, व पुढें तेथील लोकांतूनच उपदेशक व शिक्षक तयार होऊं लागले. आज आम्ही ज्या डॅनिश गृहस्थांचें चरित्र सांगणार आहों, त्यांच्या शेवटच्या श्रमाचें फळ जगाच्या हातीं पडलें, तें अशाच एका उपदेशकाच्या निष्ठेमुळें होय.

लुडविग मीलिउस-एरिक्सेन ह्यांचा जन्म ता. १५ जानेवारी १८७२ रोजीं डेन्मार्कमधील व्हिबोर्ग ह्या गांवीं झाला. वर्तमानपत्रांत लिहिणें हा त्यांचा व्यवसाय होता. जटलंड प्रांतांतील ओसाड माळरानावर कष्टानें दिवस काढणाऱ्या लोकांविषयीं त्यांनीं पुष्कळ लिहिलें. ज्यांची हकीकत कोणी विचारीत नाहीं, त्यांची हकीकत लिहावी, हीच ओढ त्यांस पुढें ग्रीनलंडला घेऊन गेली.

इ. स. १९०२ मध्यें ते कांहीं सोबत्यांसह त्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यास गेले. त्यांत चित्रकार हॅराल्ड मोल्टके व ग्रीनलंडांत जन्मलेले एका पाळकाचे पुत्र क्नूड रासमुसेन हे होते. तेथेंच यर्गन ब्रोनलुंड नांवाचा एक तरुण त्यांस मिळाला. हा ग्रीनलंडचाच रहिवासी, जन्म १८७७ सालचा. तो गोटहोब येथील शाळेंत शिकून उपदेशक झाला होता. ह्या मंडळींनीं कुत्र्यांनीं ओढावयाच्या बिनचाकी गाड्यांतून मेलव्हिल उपसागराचें बर्फ ओलांडलें, व उत्तरेकडील लोकांमध्यें राहून त्यांच्या चालीरीती व गोष्टी लिहून घेतल्या. वाटेंत मोल्टके ह्यांस मोठें दुखणें आलें. इ. स. १९०४ मध्यें सर्व परत आले. त्यानंतर मीलिउस-एरिक्सेन ह्यांनीं ग्रीनलंडच्या सरकारी कारभारांतील दोष उघडपणें दाखवून दिले.

परंतु त्या बेटाच्या ईशान्य किनाऱ्याचा बराच भाग अद्याप अज्ञात होता. पीअरी नांवाच्या अमेरिकन शोधकाचा १८९२ पासून असा समज होता कीं, तेथें एक सामुद्रधुनी असून तिच्या योगानें उत्तरेकडील भूमि ग्रीनलंडपासून तुटलेली आहे. ह्याचा निकाल लावण्यासाठीं जून १९०६ मध्यें मीलिउस-एरिक्सेन २८ माणसांची तुकडी घेऊन 'डान्मार्क' जहाजानें निघाले. ब्रोनलुंडही बरोबर होता.

मार्च १९०७ च्या अखेरीस जहाजापासून दहा माणसें उत्तरेस निघालीं. किनारा नकाशांत होता त्याहून फार दूर पूर्वेस वळलेला निघाला. त्यामुळें वाट लांबली व अन्न कमी पडूं लागलें. मेच्या अखेरीस कॉख ह्यांची तुकडी आपलें काम आटोपून परततांना मीलिउस-एरिक्सेन ह्यांस भेटली. त्याच वेळीं हेही परतते, तर बहुधा वांचते. पण सामुद्रधुनीचा प्रश्न अर्धा सोडून जाणें त्यांच्यानें होईना. हाग हागेन नांवाचे लष्करी अधिकारी व ब्रोनलुंड ह्यांस घेऊन ते पश्चिमेस वळले. तेथें सामुद्रधुनी नसून केवळ एक खोल खाडी आहे, असें त्यांस आढळून आलें.

तोंपर्यंत उन्हाळा आला. बर्फावर पाणी साचलें आणि परतीची वाट बंद झाली. शिकार थोडी मिळे, दगडांवरून चालून पायांतील जोडे फाटले, कुत्रीं एकामागून एक गेलीं. पाणी पुन्हां गोठल्यावर ते निघाले, व पुढें त्या प्रदेशांतील कित्येक महिन्यांची रात्र सुरू झाली. ता. १५ नोव्हेंबर रोजीं हागेन मरण पावले. सुमारें दहा दिवसांनीं मीलिउस-एरिक्सेन ह्यांचाही अंत झाला. तेव्हां त्यांचें वय ३५ वर्षांचें होतें.

आतां ब्रोनलुंड एकटा उरला. त्याचे पाय बर्फानें गारठून निकामी होत आले होते. तरी हागेन ह्यांनीं काढलेले नकाशे घेऊन तो क्षीण होत चाललेल्या चंद्राच्या उजेडांत चालत राहिला, व लॅम्बर्ट भूमीवर पूर्वीं ठेविलेल्या अन्नसांठ्यापर्यंत पोहोंचला. पुढें जाण्याचें बळ त्यास राहिलें नाहीं. एरव्हीं तो आपली रोजनिशी मातृभाषेंत लिही, पण शेवटचें पान त्यानें डॅनिश भाषेंत लिहिलें. आपले सोबती कोठें व केव्हां मेले, त्यांचीं शरीरें कोठें आहेत, व आपण येथवर कसे आलों, इतकेंच त्यांत आहे. स्वतःविषयीं तक्रार नाहीं. मार्च १९०८ मध्यें कॉख व टोबियास गॅब्रिएलसेन नांवाचा ग्रीनलंडवासी शोध करीत तेथें आले, तेव्हां त्यांस तो मृत सांपडला. रोजनिशी व नकाशे त्याच्याजवळ सुरक्षित होते. त्यांनीं त्यास तेथेंच पुरलें. इतर दोघांचीं शरीरें सांपडलीं नाहींत. सामुद्रधुनी नाहीं हें सांगणारा मीलिउस-एरिक्सेन ह्यांचा लेख १९१० मध्यें आयनार मिकेलसेन ह्यांस दगडांच्या एका राशींत मिळाला.

पुढाऱ्यानें वेळींच परतावयास पाहिजे होतें काय? घरीं शेगडीजवळ बसून न्याय करणें सोपें आहे. तथापि पुढाऱ्याच्या एका निर्णयांत इतरांचेही प्राण गुंतलेले असतात, हें जे कोणी चार माणसांस वाट दाखवितात त्यांनीं विसरूं नये, असें आम्हांस वाटतें.

त्या भागांतील एका विस्तीर्ण प्रदेशास मीलिउस-एरिक्सेन ह्यांचें, व एका खाडीस ब्रोनलुंडचें नांव दिलेलें आहे. नकाशा काढणारे मेले. तो पोहोंचविणाराही मेला, पण पोहोंचवून मेला. खेड्यापाड्यांत ज्यांचें नांव कोणी छापीत नाहीं, अशा आमच्या उपदेशक बंधूंनीं हें मनांत ठेवावें. आपणांवर सोंपविलेली वस्तु आपली नसते. ती पुढच्याच्या हातीं नीट द्यावयाची असते.