घरोटाजवळ जन्मलेली गाणी



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे आपल्या मंडळात ठरले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचे डबे यांत दिवस कधी मावळतो ते कळत नाही. अशा बाईला सुचणार काय, आणि सुचायला सवड तरी कुठली? पण त्याच रात्री भांडी आवरताना मला बहिणाबाई चौधरींची आठवण झाली आणि माझी सबब मलाच लटकी वाटू लागली. म्हणून त्यांचेच चरित्र माझ्या साध्या शब्दांत सांगते.

बहिणाबाईंचा जन्म खानदेशात, जळगावजवळच्या आसोदे या गावी 1880 साली नागपंचमीच्या दिवशी झाला. वडील उखाजी महाजन, आई भीमाबाई. घर शेतकऱ्याचे, भावंडांनी भरलेले. त्या काळी खेड्यातल्या मुलीला पाटी कोण देणार? बहिणाबाईंना लिहिता-वाचता कधीच आले नाही. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी त्यांचे लग्न झाले. सासरचे घर मोठे, माणसे पुष्कळ. पहाटे घरोट, मग चूल, मग शेत, संध्याकाळी पुन्हा चूल. घरोट म्हणजे जाते. खानदेशात त्याला असे म्हणतात.

पुढे तिसाव्या वर्षीच त्यांच्यावर वैधव्याची कुऱ्हाड कोसळली. ओंकार, सोपानदेव आणि काशी ही मुले पदरात होती. सोपानदेव तर तेव्हा अगदी लहान होते. त्या काळातील विधवेचे जिणे काय असे, हे आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलेच आहे. बहिणाबाई रडल्या असतील, पण रडत बसल्या नाहीत. त्यांनी शेत सोडले नाही, मुलांना सोडले नाही आणि गाणेही सोडले नाही. स्वतःच्या कपाळावरून पुसलेल्या कुंकवावरसुद्धा त्यांनी गाणे रचले आणि त्यातच मनाला उभारी देऊन डोळे पुसले.

या गाण्यांसाठी त्या कधी वेगळ्या बसल्या नाहीत, हे मला सर्वांत मोठे वाटते. हात घरोटाच्या खुंट्याला असे आणि ओठ गाण्यात. दळण सरे तसे गाणे पुरे होई. विषय शोधायलाही त्या कुठे दूर गेल्या नाहीत. तव्यावर भाकरी टाकताना हाताला बसणारा चटका आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? आपण हातावर फुंकर घालतो आणि पुढची भाकरी थापतो. बहिणाबाईंना त्या चटक्यात सगळा संसार दिसला. उभ्या पिकात पुन्हा पुन्हा शिरणारे ढोर आपणही हाकलले असेल. त्यांना त्यात माणसाचे मन दिसले. झाडाला टांगलेले सुगरण पाखराचे घरटे पाहून, नुसत्या चोचीने एवढे साधते, मग हात असलेल्या माणसाने काय करावे, असा विचार त्यांच्या मनात आला. विहिरीवरची मोट, पेरणी, आखाजीचा सण, माहेरची वाट, इतकेच काय पण जळगावातला छापखाना, कशावरही त्यांचे गाणे होई. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नव्हते त्यांनी छापखान्यावर गाणे करावे, याचे मला फार नवल वाटते.

कोणी म्हणेल, गाण्याने त्यांचे कष्ट कमी झाले का? मुळीच नाही. दळण तेवढेच होते आणि उन्हातले शेतही तेवढेच. पण त्याच कष्टातून त्यांनी स्वतःचे असे काहीतरी निर्माण केले, जे कोणाला हिरावून घेता आले नाही.

मात्र एक गोष्ट आपण ध्यानात घेतली पाहिजे. बहिणाबाईंचे गाणे हवेत विरून जाणारे होते. ते टिकले, कारण घरात ऐकणारे कान होते. मुलगा सोपानदेव शाळेत शिकला, पुढे स्वतः कवी झाला. त्याने शाळेच्या पुस्तकातील सावित्रीची गोष्ट आईला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी दळताना आईने तिचेच गाणे केले, अशी आठवण सांगतात. सोपानदेवांनी आणि नात्यातील पितांबर चौधरींनी जमतील तशी गाणी वहीत उतरवून घेतली. जी उतरवली नाहीत ती कायमची गेली.

3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी त्यांचे मोल तात्काळ ओळखले आणि 1952 साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. ते पाहायला बहिणाबाई नव्हत्या. 1961 सालच्या ‘मानिनी’ चित्रपटाने त्यांचे शब्द घरोघरी पोहोचवले. आणि 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे नाव आज पदवीच्या कागदावर छापले जाते!

हे लिहिताना मला माझी आजी आठवते. ती गोधडी शिवताना स्वतःच जुळवून ओव्या म्हणत असे. मी सुईत दोरा ओवून देत असे आणि म्हणत असे, आजी, पुरे आता, अभ्यास करायचाय. आजी गेली. तिची गोधडी अजून आमच्या घरात आहे, पण ओव्यांपैकी मला दीड ओळ आठवते. मला लिहिता येत होते, घरात वहीही होती. मी ऐकलेच नाही. ही चुटपुट आता जन्मभर राहणार.

म्हणून भगिनींनो, मंडळापुढे एक साधी सूचना ठेवते. एक शंभर पानी वही आणावी. आपल्या सासूबाई, आई, शेजारच्या आजी जे गुणगुणतात ते प्रत्येकीने त्या वहीत उतरवावे. स्वतःला काही सुचले तर तेही न लाजता लिहावे, मग ते गाणे असो, रांगोळीची नवी ठिपकेमांडणी असो की उरलेल्या भाताचा नवा पदार्थ. प्रत्येकीच्या हातून बहिणाबाई होणार नाही, हे मला कळते. पण सोपानदेवांप्रमाणे कान देऊन ऐकणे तर आपल्या हातात आहे ना?

वही मी आणते. पहिल्या पानावर माझ्या आजीची ती दीड ओळ लिहीन.