बाविसाव्या वर्षी चर्च बांधणारा इंजिनिअर

रविवारी हॉस्टेलमधून सदरला चक्कर मारताना आपल्यापैकी बहुतेकांनी ऑल सेंट्स कॅथेड्रल बाहेरून पाहिलं असेल. पण ते कुणी बांधलं? १८५१ सालच्या या चर्चचा आराखडा लेफ्टनंट रिचर्ड सँकी याचा. तेव्हा तो होता फक्त बावीस वर्षांचा, म्हणजे आपल्या फायनल इयरवाल्यांएवढा!

सँकीचा जन्म १८२९ साली आयर्लंडमधल्या टिपेररी भागात झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या अ‍ॅडिसकोंब इथल्या लष्करी विद्यालयात शिकून १८४६ मध्ये, सतराव्या वर्षी, तो मद्रास इंजिनिअर्समध्ये दाखल झाला. काही वर्षांत त्याला नागपूरला पाठवलं गेलं. तेव्हा इथे तिसऱ्या रघुजी भोसल्यांचं राज्य होतं, पण इंग्रज रेसिडेंट आणि त्यांची फौजही होती. या लोकांसाठी एक लहानसं चर्च हवं होतं, विलायतेत गावोगावी असतं तसं. ते काम या पोरसवदा इंजिनिअरकडे आलं. फावल्या वेळात त्याने नागपूरच्या आसपास हिंडून जीवाश्मही जमवले.

१८५७ च्या उठावात तो इंग्रजांच्या बाजूने अलाहाबादकडे लष्करी बांधकामं करत होता. तो परक्या सत्तेचा नोकर होता, हे विसरून चालणार नाही. पुढे १८६४ मध्ये तो म्हैसूर संस्थानचा चीफ इंजिनिअर झाला. तिथल्या जुन्या तलावांचा त्याने बारकाईने अभ्यास केला आणि कबूल केलं की, इथल्या लोकांनी पाणी इतकं छान अडवलंय की नव्या तलावाला जागा शोधणंच कठीण आहे. साहेब असूनही शिकायची तयारी होती! बंगलोरच्या हायकोर्टाची लाल इमारत त्याचीच आणि १८८२ चा सँकी टँक आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. १९०८ मध्ये लंडनला त्याचं निधन झालं.

नागपूरचं चर्च पुढे जॉर्ज बॉडली या नामवंत इंग्रज आर्किटेक्टच्या आराखड्याने वाढवलं गेलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूरला बिशप आल्यावर त्याचं कॅथेड्रल झालं. पण मूळ काम सँकीचं. त्याचं नाव निदान आपल्याला कळतं, दगड घडवणाऱ्या गवंड्यांची आणि मजुरांची नावं तर आपल्याला माहीतही नाहीत.

मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री आपण काचेवर शीट ठेवून जीटी मारतो आणि सही घेऊन मोकळे होतो. सँकीला कुणाची शीट छापायची सोय नव्हती. त्याने काढलेल्या रेघांवर खरे दगड चढणार होते आणि त्याखाली खरी माणसं बसणार होती. पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी ती इमारत उभी आहे. पुढच्या वेळी सदरला गेलात, तर दोन मिनिटं तिथे थांबा आणि स्वतःला विचारा, आपली एक तरी शीट अशी उभी राहील का?