पाण्याच्या धारेतील प्रकाश : जॉन टिंडल

आयर्लंडच्या कार्लो परगण्यातील एका खेड्यात २ ऑगस्ट १८२० रोजी जॉन टिंडल यांचा जन्म झाला. वडील साधे पोलीस शिपाई. घरी संपत्ती नव्हती, परंतु मुलाच्या शिक्षणाविषयी ते आग्रही होते. गणित व मोजणी शिकून टिंडल १८३९ मध्ये सरकारी भूमापन खात्यात नोकरीस लागले. पुढे इंग्लंडमध्ये काम करीत असता आयरिश सहायकांना मिळणारे तुटपुंजे वेतन आणि हीन वागणूक यांविरुद्ध त्यांनी आवाज उठविला. परिणामी १८४३ मध्ये त्यांना नोकरी गमवावी लागली.

काही वर्षे रेल्वेमार्गांची मोजणी केल्यावर १८४७ मध्ये ते हॅम्पशायरमधील क्वीनवुड कॉलेज या निवासी शाळेत शिक्षक झाले. विद्यार्थ्यांना स्वतःच्या हातांनी प्रयोग करू देणाऱ्या शाळा त्या काळी विरळाच होत्या. मुलांना शिकविताना त्यांची स्वतःची ज्ञानतृष्णा वाढली. साठविलेल्या पैशांच्या आधारे, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यांनी जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १८५० मध्ये डॉक्टरेट मिळविली. १८५३ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. तेथे त्यांना मायकेल फॅरेडे यांचा सहवास लाभला. फॅरेडे हे लोहाराचे पुत्र. तारुण्यात त्यांनी पुस्तकबांधणीची उमेदवारी केली होती.

१८५४ मध्ये फॅरेडे यांच्या सूचनेवरून टिंडल यांनी श्रोत्यांसमोर एक प्रयोग केला. पाण्याने भरलेल्या टाकीच्या छिद्रातून धार बाहेर पडत होती आणि मागून तिच्यात प्रकाश सोडलेला होता. धार खाली वळली, तसा प्रकाशही तिच्यासोबत वळलेला दिसला. वस्तुतः किरण सरळच जात होते. घन माध्यमातील किरण विरल माध्यमाच्या सीमेवर क्रांतिक कोनाहून मोठ्या कोनाने आदळला, तर तो बाहेर पडत नाही. संपूर्ण प्रकाश आतच परावर्तित होतो. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर हा कोन सुमारे ४८.५ अंश असतो. असे वारंवार परावर्तन होत प्रकाश धारेतून पुढे सरकत होता.

या प्रयोगाचा पहिला मान मात्र टिंडल यांचा नव्हे. जिनिव्हाचे दानियल कोलादों यांनी १८४१ मध्येच तो दाखविला होता. तरीही पुढे दीर्घकाळ श्रेय टिंडल यांच्याच नावावर राहिले. ज्याचे श्रेय त्याला देणे हे इतिहासाचे कर्तव्य आहे. त्याने टिंडल यांची थोरवी उणावत नाही. प्रयोगशाळेतील सत्य सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर उभे करणे, हे त्यांचे खरे कार्य होय. १८७२-७३ मध्ये अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानांतून उरलेली सर्व रक्कम त्यांनी तेथील विज्ञानशिक्षणासाठी अर्पण केली. ४ डिसेंबर १८९३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पाण्याच्या धारेची जागा काचेच्या तंतूंनी घेतली. १९५४ मध्ये पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी व हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पलीकडे नेल्याचे प्रसिद्ध केले. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी शुद्ध काचेतून दूरवर संदेश नेता येतील, असे दाखवून दिले. आजच्या तंतूत आतील गाभ्याभोवती कमी अपवर्तनांकाच्या काचेचे वेष्टन असते. त्या सीमेवर तेच परावर्तन घडते.

निवासी शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी या चरित्रातून एवढे जरूर घ्यावे : ज्ञान कुणाच्याही जन्माची मिरासदारी नाही, आणि मिळविलेले ज्ञान स्वतःपाशी न ठेवता दुसऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचविणे हेच शिक्षणाचे सार्थक होय.