तारेने रेषा काढणारा माणूस
(द्वितीय वर्ष, कला)

तार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? शेताच्या कुंपणाची काटेरी तार, अंगणात कपडे वाळत घालायची तार, खांबांवरून गावात वीज घेऊन आलेली तार. आणखी एक तार होती, टपाल कचेरीतून येणारी. ती दारात आली की उघडण्याआधीच घरात रडारड सुरू होई. ती २०१३ साली कायमची बंद झाली. पण याच तारेतून माणसाचा चेहरा घडवता येतो, उसळणारा घोडा घडवता येतो, पाण्यात पोहणारा मासा घडवता येतो, असे कुणी सांगितले तर आपण हसू. शंभर वर्षांपूर्वी काही लोक असेच हसले होते. ज्याच्या तारकामाला ते हसले, त्या माणसाने विसाव्या शतकातील शिल्पकलेला एक नवीनच वळण लावले. त्याचे नाव अलेक्झांडर कॉल्डर.

कॉल्डरचा जन्म १८९८ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाजवळ झाला. घराणे शिल्पकारांचे. आजोबा स्कॉटलंडहून आलेले. फिलाडेल्फियाच्या नगरभवनाच्या शिखरावर विल्यम पेनचा जो ३७ फुटी ब्राँझचा पुतळा उभा आहे, तो या आजोबांनी घडवलेला. वडील शिल्पकार, आई चित्रकार. म्हणजे कलेचे बाळकडू घरातच मिळाले. तरीही कॉल्डर स्वयंशिक्षित होता असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही. कारण आजोबांची आणि वडिलांची कला माती, दगड आणि ब्राँझ यांची होती. तारेचे शिल्प त्याला कुणी शिकवले नाही. ते शिकवणारी शाळाच तेव्हा नव्हती.

सँडी हे त्याचे घरातले नाव. तो लहान असताना वडिलांना क्षयाने गाठले. त्या काळी क्षयावर कोरडी हवा हाच मोठा उपाय मानला जाई. म्हणून कुटुंब १९०६ साली ॲरिझोनाच्या कोरड्या प्रदेशात आणि नंतर कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे गेले. तेथे आईवडिलांनी त्याला घराच्या तळघरात हत्यारे ठेवायला जागा दिली. ही त्याची पहिली कार्यशाळा. रस्त्यावर विजेच्या केबलची जोडणी करणारे कामगार तांब्याच्या तारेचे तुकडे टाकून जात. सँडी ते वेचून आणी आणि थोरल्या बहिणीच्या बाहुल्यांसाठी दागिने करी. आपल्या खेड्यांतली मुले तारेचे वेटोळे करून चाके बनवतात आणि लांब दांड्याची गाडी गावभर पळवत नेतात, त्यातलाच हा प्रकार. १९०९ च्या नाताळात त्याने पितळेचा पत्रा कापून आणि वाकवून एक कुत्रा आणि एक बदक केले व आईवडिलांना भेट दिले. बदकाला बोटाने टिचकी मारली की ते डुलत असे. वय अवघे अकरा. पुढे जगाला दाखवायचे ते सारे त्या डुलणाऱ्या बदकात बीजरूपाने होते.

इतके असूनही आईवडिलांना मुलाने कलावंत व्हावे असे वाटत नव्हते. कलेच्या धंद्यात आज काम आहे तर उद्या नाही, हे त्यांनी स्वतः भोगले होते. कला म्हणजे उपासमार, पोटापाण्याचे काहीतरी शीक, असे आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलामुलींना रोज ऐकावे लागते. त्यामुळे शिल्पकाराच्या घरातही हीच काळजी होती हे कळल्यावर मला नवल वाटले आणि थोडा धीरही आला. सँडीने अभियांत्रिकी घेतली. कारण काय, तर शाळेतला एक मित्र यंत्र-अभियंता होणार होता! त्या शब्दाचा नेमका अर्थ तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हता. आपल्यापैकी किती जणांनी शाखा अशीच निवडली असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

न्यू जर्सीमधील होबोकेन येथील स्टीव्हन्स तंत्रसंस्थेतून १९१९ साली तो पदवीधर झाला. त्यानंतरची तीन-चार वर्षे त्याने एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत काढली. कोठे यंत्रांचे काम, कोठे नकाशे काढण्याचे काम. मन कोठेच रमेना. अखेर १९२२ साली तो एका प्रवासी जहाजावर बॉयलरच्या खोलीत कामाला लागला. न्यूयॉर्कहून पनामा कालव्यामार्गे सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे ते जहाज ग्वाटेमालाच्या किनाऱ्याजवळ असताना एका पहाटे तो डेकवर जागा झाला. समुद्र शांत होता. एका बाजूला लालभडक सूर्य उगवत होता आणि दुसऱ्या बाजूला चंद्र रुप्याच्या नाण्यासारखा दिसत होता. आकाशात दोन गोळे, आणि मध्ये तरंगणारा माणूस. विश्वाचा हा तोल त्याच्या मनावर कायमचा कोरला गेला.

पुढे वॉशिंग्टन राज्यातील लाकूडतोडीच्या छावणीत हजेरी मांडण्याचे काम करत असताना त्याने घरी पत्र लिहून रंग आणि कुंचले मागवले. १९२३ साली तो न्यूयॉर्कला आला आणि आर्ट स्टुडंट्स लीग या कलाशाळेत चित्रकला शिकू लागला. तेथे त्याने आणि मित्रांनी एक खेळ सुरू केला. रस्त्यावर, भुयारी रेल्वेत दिसणाऱ्या माणसांची झटपट रेखाचित्रे काढायची. पेन्सिल न उचलता एकाच सलग रेषेत माणूस पकडण्यात कॉल्डरचा हात बसला. याच सुमारास तो एका साप्ताहिकासाठी चित्रे काढू लागला. त्या कामासाठी १९२५ साली त्याने दोन आठवडे सर्कशीत बसून कसरतपटू आणि जनावरे कागदावर उतरवली.

त्याच वर्षी त्याच्या लहानशा खोलीत एक घटना घडली. खोलीत घड्याळ नव्हते. खिडकीतून ऊन येत होते. त्याने तार वाकवून एक कोंबडा केला, तो उभ्या दांड्यावर बसवला आणि खाली तासांच्या रेषा आखल्या. कोंबड्याची सावली वेळ दाखवू लागली. त्याचे पहिले तारशिल्प ते हेच. गरज घड्याळाची होती, पण हाताला सापडली कला.

१९२६ साली एका मालवाहू जहाजाला रंग देण्याचे काम पत्करून तो युरोपात पोहोचला आणि पॅरिसमध्ये एका खोलीत राहू लागला. आईकडून दरमहा थोडे पैसे येत. हे येथे सांगितलेच पाहिजे. निव्वळ जिद्दीवर सगळे साधते, असे थोरांच्या चरित्रांत लिहिण्याची पद्धत आहे. पण पाठीशी दोन घास आहेत हे ठाऊक असलेला माणूस आणि घरी पैसे पाठवायचे आहेत हे ठाऊक असलेला माणूस यांच्या जिद्दीत फरक असतो. कॉल्डरचे मोठेपण त्याने कमी होत नाही. मात्र त्याच्यासारखे हात असूनही ज्यांना हा काळ उसना मिळाला नाही, अशांची आठवण ठेवावी, एवढेच.

पॅरिसमध्ये तो हलणारी खेळणी करू लागला. तार, बुचे, लाकडाचे तुकडे, चिंध्या, दोरा यांपासून त्याने एक अख्खी सर्कस उभी केली. झोक्यावरचे कसरतपटू, सिंह, तलवार गिळणारा, विदूषक. ही नुसती मांडून ठेवायची सर्कस नव्हती. कॉल्डर जमिनीवर गुडघे टेकून स्वतःच्या हातांनी खेळ चालवी. पात्रे झेप घेत, कधी चुकून पडत. खोलीत दाटीवाटीने बसलेल्या प्रेक्षकांत मिरो, लेजे, माँद्रियान यांच्यासारखे चित्रकार असत. वाढता वाढता ही सर्कस पाच पेट्यांत मावू लागली.

एका चित्रकार मित्राने सुचवले की लाकूड, चिंध्या कशाला, सगळेच तारेचे का करू नये? कॉल्डरने तसे केले. नर्तकी जोसेफिन बेकरची आकृती त्याने निव्वळ तारेत साकारली. मग मित्रांचे, नटांचे, खेळाडूंचे चेहरे होऊ लागले. खिशात तारेचे वेटोळे आणि हातात पक्कड असली की काम कोठेही सुरू. दगडाच्या शिल्पात आत काय आहे ते दिसत नाही. तारेच्या शिल्पात मात्र आतली मोकळी जागाच शिल्प होते. नाकाचा एक बाक, भुवईचे एक वळण. उरलेला चेहरा आपली नजर पुरा करते. दिव्यासमोर धरले तर भिंतीवर त्याची सावली पुन्हा रेखाचित्र होते. भुयारी रेल्वेत कागदावर धावणारी ती अखंड रेषा आता हवेत उभी राहिली होती. १९२८ साली न्यूयॉर्कच्या वाय्ही गॅलरीत त्याचे पहिले स्वतंत्र शिल्पप्रदर्शन भरले. पुढच्या वर्षी त्याने आईसाठी तारेचे माशांचे भांडे केले. त्याची मूठ फिरवली की दोन मासे वळवळत पोहत. शिकलेली अभियांत्रिकी हळूहळू कामाला येऊ लागली होती.

१९३० साली तो माँद्रियानच्या चित्रशाळेत गेला. पांढऱ्या भिंतींवर लाल, निळे, पिवळे चौकोन लावलेले. हे चौकोन हलले तर काय बहार येईल, असे त्याने बोलून दाखवले. माँद्रियानला ते पटले नाही. पण कॉल्डरच्या डोक्यातून ते जाईना. त्याने तार, पत्रा आणि गोळे यांच्या हलत्या रचना सुरू केल्या. प्रथम हाताने किंवा मोटारीने चालणाऱ्या, नंतर निव्वळ वाऱ्यावर डोलणाऱ्या. १९३१ साली मार्सेल द्युशाँने त्यांना मोबाइल हे नाव दिले. आज हा शब्द ऐकताच आपला हात खिशाकडे जातो; पण शिल्पकलेत तो फार आधी आला. त्याची रचना तराजूसारखी. सर्वांत खालची काडी आधी करायची, तिचा तोल जेथे साधतो तेथे कडी करायची, ती वरच्या काडीच्या टोकाला अडकवायची, की पुन्हा नवा तोल. एक पाकळी हलली की सारे कुटुंब हलते.

त्याच वर्षी लुईसा जेम्स हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढे कीर्ती आली. १९५२ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात शिल्पकलेचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १९५५ साली गीरा साराभाई यांच्या निमंत्रणावरून तो लुईसासह भारतात आला आणि तेव्हा मुंबई राज्यात असलेल्या अहमदाबादेत राहून त्याने शिल्पे घडवली. १९७४ साली शिकागोच्या चौकात त्याचे ५३ फूट उंचीचे लाल पोलादी शिल्प उभे राहिले. व्हिएतनाम युद्धाला त्याने उघड विरोध केला. ११ नोव्हेंबर १९७६ रोजी न्यूयॉर्क येथे तो वारला. दोनच महिन्यांनी अमेरिकेने त्याला मोठा नागरी सन्मान दिला. पण युद्धाला नकार देणाऱ्या तरुणांना माफी मिळावी म्हणून त्याच्या कुटुंबाने त्या समारंभाकडे पाठ फिरवली.

कॉल्डरची चार वर्षांची पदवी वाया गेली असे १९२३ साली कुणीही म्हटले असते. पण ज्या तरफेचा आणि तोलाचा हिशोब तो होबोकेनला शिकला, त्याच हिशोबावर त्याची पाने आजही वाऱ्यावर डोलतात. जहाजावरची पहाट, सर्कशीतले पंधरा दिवस, कामगारांनी टाकलेले तांब्याचे तुकडे, यांतले काहीच वाया गेले नाही. शिकलेले कधी आणि कोठे उपयोगी पडेल, हे शिकताना कळत नाही. म्हणून मनापासून शिकावे. आणि आपल्या हाताला जे येते ते परीक्षेत विचारत नाहीत, एवढ्यासाठी त्याला कमी लेखू नये.